कोथरूड की वाकड? घर घेण्याआधी दोन भाग कसे तोलायचे

पुण्यात नोकरी लागून चार-पाच वर्षं झाली, दर अकरा महिन्यांनी करार नव्याने करून कंटाळा आला, आणि गावाकडून "आता स्वतःचं काहीतरी बघा" असा लकडा सुरू झाला, की प्रश्न येतो: कुठे घ्यायचं? आम्ही मूळचे लातूरचे. मी शहराच्या मध्यात डेक्कनला नोकरीला, बायको आयटी कंपन्यांच्या हिंजवडीला. त्यामुळे आमच्या घरात हा प्रश्न 'कोथरूड की वाकड' असा दोन शब्दांत उभा राहिला आणि जवळजवळ दोन वर्षं जेवणाच्या ताटावर बसून राहिला. वाकडला आम्ही पाच वर्षं भाड्याने राहिलो, नंतर एक वर्ष कोथरूडला. तेव्हा कुठे लक्षात आलं की आपण प्रश्नच चुकीचा विचारत होतो.

'कोणता भाग चांगला?' असं विचारलं की प्रत्येक जण स्वतःचाच भाग सांगतो. कोथरूडच्या माणसाला वाकड म्हणजे पुण्याबाहेरचं गाव वाटतं, आणि वाकडच्या माणसाला कोथरूड म्हणजे पेन्शनरांची कॉलनी. दोघांचं ऐकून घ्यावं आणि सोडून द्यावं. खरा फरक वयाचा आहे. कोथरूडमध्ये परिसर घडून झालाय, इमारती मात्र म्हाताऱ्या होत चालल्यात. वाकडमध्ये इमारती कोऱ्या आहेत, परिसर अजून घडतोय. म्हणून कोथरूडमध्ये चौकशी इमारतीची करायची आणि वाकडमध्ये परिसराची. बहुतेक लोक नेमकं उलटं करतात. कोथरूडची सावली, मंडई, नाट्यगृह बघून भाळतात आणि इमारतीचे कागद बघत नाहीत. वाकडला सॅम्पल फ्लॅटमधली मॉड्युलर किचन बघून भाळतात आणि गेटबाहेर रस्ता किती रुंद आहे, हे बघायला बाहेर पडत नाहीत.

खालच्या पायऱ्या याच हिशेबाने लावल्या आहेत. तुमची जोडी कोथरूड-वाकड नसून हडपसर-खराडी असेल किंवा ठाण्यातलं नौपाडा आणि घोडबंदर असेल, तरी पद्धत तीच चालेल.

पायरी १: आधी स्वतःचा आठवडा लिहून काढा

एका कागदावर सोमवार ते रविवार. घरातल्या प्रत्येकाचं सकाळी किती वाजता कुठे जाणं, संध्याकाळी किती वाजता येणं, आणि कशाने. मुलाची शाळा, आईचा गुडघ्याचा डॉक्टर, रविवारचं जेवण, गावाकडे जाणारी गाडी कुठून पकडता, सगळं. आमच्या कागदावर असं निघालं की बायकोला आठवड्यातून तीनच दिवस हिंजवडीला जावं लागतं, मला सहा दिवस डेक्कनला. इतकी वर्षं आम्ही 'दोघांचं ऑफिस' असं समान वजन धरून भांडत होतो.

तो कागद हातात धरूनच पुढचं सगळं बघायचं. नोकऱ्या बदलतात हे खरं, पण आयटीतली नोकरी बदलून पुन्हा हिंजवडी, बाणेर किंवा खराडीतच पडण्याची शक्यता जास्त, आणि बँक, कॉलेज, कोर्टकचेरीची नोकरी बदलून शहराच्या मध्यातच.

पायरी २: रस्ता स्वतः झेला, तोही चुकीच्या वेळी

एजंट तुम्हाला रविवारी सकाळी अकराला बोलावतो. रविवारी सकाळी अकराला सगळं पुणेच सुंदर असतं. तुम्ही तीन वेळा जा: कामाच्या दिवशी सकाळी साडेआठला, संध्याकाळी सात वाजता, आणि एकदा जुलैत धो-धो पावसात.

वाकडला संध्याकाळी सातला भूमकर चौकात उभे राहा. हिंजवडीतून सुटलेली गर्दी महामार्ग ओलांडायला तिथे येते आणि वाकड पुलापाशी तेच दुसऱ्यांदा होतं. नकाशावर वाकड ते हिंजवडी फेज १ म्हणजे जेमतेम चार-पाच किलोमीटर. दुचाकीवर मला ते कधी पंधरा मिनिटांचं वाटलं, कधी पाऊण तासाचं. त्यामुळे महामार्गाच्या कोणत्या बाजूला घर आहे, हा वाकडमधला पहिला प्रश्न. हिंजवडीच्याच बाजूला असाल तर पूल वा भुयारी मार्ग ओलांडावा लागत नाही. कस्पटे वस्ती किंवा दत्त मंदिर रस्त्याला असाल तर ओलांडावा लागतो. दोन्ही पत्ते 'वाकड'च, आयुष्य वेगवेगळं.

कोथरूडचं दुखणं दुसरं. कर्वे रस्ता आणि पौड रस्ता या दोनच नळ्यांतून सगळं कोथरूड शहरात ओतलं जातं आणि दोन्ही 'नळ स्टॉप' या चौकापाशी तुंबतात. त्यावर उतारा म्हणजे मेट्रो. वनाज ते गरवारे कॉलेज हा टप्पा ६ मार्च २०२२ ला सुरू झाला, पुढे १ ऑगस्ट २०२३ ला तो रुबी हॉलपर्यंत आणि ६ मार्च २०२४ ला रामवाडीपर्यंत गेला. वनाज, आनंदनगर, आयडियल कॉलनी आणि नळ स्टॉप ही कोथरूडकरांच्या कामाची स्थानकं. पण मेट्रो पौड रस्त्यावरून जाते. डहाणूकर कॉलनीत किंवा कर्वे पुतळ्याच्या पुढे घर घेतलंत, तर मेट्रो 'जवळ' असूनही रोज चालत जाण्याइतकी जवळ नसते. वीस मिनिटं चालत जाऊन बघा. घाम फुटला तर ती जाहिरातीतली मेट्रो समजा.

वाकडसाठी हिंजवडी ते शिवाजीनगर ही तिसरी मार्गिका महत्त्वाची: सुमारे २३ किलोमीटर, २३ स्थानकं, पीएमआरडीएने, म्हणजे पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने, खासगी भागीदारीत हाती घेतलेली, आणि वाकड चौकात तिचं स्थानक. ती जिल्हा न्यायालयापाशी इतर दोन मार्गिकांना मिळते. म्हणजे कोथरूडहून हिंजवडीला मेट्रोने जायचं तर वनाजहून आधी शहराच्या पोटात शिरायचं आणि पुन्हा पश्चिमेला बाहेर पडायचं. कानाला हात उलटा फिरवून लावण्यासारखं आहे ते. त्यापेक्षा चांदणी चौकातून महामार्गाने जाणं सरळ पडतं. तिथला जुना पूल २ ऑक्टोबर २०२२ ला पाडला आणि ऑगस्ट २०२३ मध्ये नवे उड्डाणपूल खुले झाले, तेव्हापासून तो चौक निदान ओलांडता येतो.

एक नियम आम्ही स्वतःला घालून घेतला होता: जी गाडी आज धावते, तिलाच पैसे मोजायचे. मंजूर झालेल्या, काम चाललेल्या, 'लवकरच' येणाऱ्या गोष्टी मिळाल्या तर वरकड लाभ. वनाज ते चांदणी चौक या वाढीव मार्गिकेला जून २०२५ मध्ये केंद्राची मंजुरी मिळाली, आणि त्याच आठवड्यात एका एजंटाच्या बोलण्यात ती 'दोन वर्षांत' धावू लागली होती. हिंजवडी मार्गिकेचं भूमिपूजन डिसेंबर २०१८ मध्ये झालं होतं, एवढं आठवलं तरी हिशेब लागतो.

पायरी ३: नळ उघडून बघा

एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आलं, तेव्हा आमचे आई-वडील तिथेच राहत होते. त्यामुळे आमच्या घरी घर बघायला गेलं की आई आधी देवघराची जागा बघत नाही, पाण्याची टाकी बघते. तुम्हीही तेच करा.

हे दोन भाग दोन वेगळ्या महापालिकांचे आहेत, हे बाहेरून आलेल्या माणसाच्या बऱ्याचदा लक्षात येत नाही. कोथरूड पुणे महापालिकेत, वाकड पिंपरी-चिंचवड महापालिकेत. पुण्याला पाणी येतं खडकवासला साखळीतून: खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर. पिंपरी-चिंचवडची मुख्य भिस्त पवना धरणावर, आणि तिथे २०१९ च्या नोव्हेंबर महिन्यापासून दिवसाआड पाणी सुरू झालं. तात्पुरतं म्हणून आलेली ही व्यवस्था आम्ही वाकडला होतो तोवर काही हटली नाही. पुण्यातही चैनच आहे असं नाही. देखभालीच्या कामासाठी गुरुवारी पाणी बंद, आणि शुक्रवारी सकाळी कमी दाबाने, हे पुणेकराच्या अंगवळणी पडलंय. टेकडीच्या उतारावरच्या घरांना दाब कमी मिळतो, ते वेगळंच.

तर काय विचारायचं? 'पाणी आहे का' असं विचारू नका, उत्तर 'भरपूर' असंच येतं. हे विचारा:

- महापालिकेचं पाणी किती वेळ येतं आणि खालच्या टाकीत किती लिटर साठतं?
- बोअर किती, त्यातले मे महिन्यात चालू किती?
- गेल्या एप्रिल आणि मे महिन्यात टँकरवर सोसायटीने किती खर्च केला?

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर तोंडी घेऊ नका. सोसायटीचा वार्षिक ताळेबंद मागा. त्यात 'पाणीखर्च' अशी ओळ असते आणि ती ओळ सहसा खोटं बोलत नाही. आम्ही वाकडला भाड्याने होतो त्या सोसायटीत उन्हाळ्यात पहाटे पाचला टँकरच्या मोटरचा आवाज हाच आमचा गजर होता. नव्या प्रकल्पात ताळेबंद नसतो, तेव्हा शेजारच्या तीन-चार वर्षं जुन्या सोसायटीच्या सुरक्षारक्षकाला विचारा, रोज किती टँकर आत येतात. नोंदवही त्याच्याच टेबलावर असते. शिवाय महापालिकेचं पाणी पुरेसं मिळेपर्यंत पाणी आम्ही पुरवू, असं हमीपत्र बऱ्याच बिल्डरांनी परवानगी घेताना दिलेलं असतं. त्याची प्रत मागून घ्या. पुढे टँकरचं बिल कोणी भरायचं, हा वाद त्याच कागदावर सुटतो किंवा अडतो.

पायरी ४: कोथरूडमध्ये इमारत तपासा

कोथरूडमध्ये परिसर बघण्यात फार वेळ घालवायची गरज नाही. मयूर कॉलनी असो, भुसारी कॉलनी असो की परमहंसनगर, शाळा, दवाखाना, भाजी, वाचनालय, यशवंतराव चव्हाण नाट्यगृह हे सगळं तिथे आहे आणि उद्याही असणार आहे. ज्या कचरा डेपोमुळे लोक एकेकाळी नाक मुरडायचे, तिथे आता मेट्रोचा डेपो आहे. वेळ घालवायचा तो जिन्यात, गच्चीत आणि कागदांत.

पहिला प्रश्न: ही सोसायटी आहे की अपार्टमेंट? पुण्यात हा फरक रोजच्या बोलण्यातला आहे, बाहेरच्याला तो माहीत नसतो. सोसायटी १९६० च्या सहकारी संस्था कायद्याखाली नोंदलेली असते. तिथे तुम्ही सभासद होता आणि भागपत्र, म्हणजे शेअर सर्टिफिकेट, मिळतं. अपार्टमेंट १९७० च्या कायद्याखाली असतं. तिथे डीड ऑफ अपार्टमेंट होतं आणि जमिनीत तुमचा ठरावीक टक्के हिस्सा लिहिलेला असतो. इमारत पाडून पुन्हा बांधायची वेळ आली की दोन्हींचे रस्ते वेगळे होतात.

दुसरा प्रश्न: जमीन कोणाच्या नावावर? तीस वर्षं जुन्या कित्येक सोसायट्यांच्या मिळकत पत्रिकेवर अजून मूळ मालकाचं वा बिल्डरचंच नाव असतं. खरेदीखत, म्हणजे कन्व्हेयन्स, झालंय का ते बघा. नसेल तर मानीव अभिहस्तांतरणाचा, म्हणजे डीम्ड कन्व्हेयन्सचा, अर्ज तरी केलाय का?

तिसरा: पुनर्विकासाचं काय? हा कोथरूडमधला सगळ्यात मोठा जुगार आहे आणि विकणारा तो तुम्हाला आधीच किमतीत लावून देतो. "रिडेव्हलपमेंटला जाणारच आहे, तीस टक्के जास्त एरिया मिळेल," वगैरे. बिल्डर ठरलाय का, करारनामा झालाय का, की चहा पिताना नुसती चर्चा झालीय? गेल्या तीन सर्वसाधारण सभांची इतिवृत्तं मागा. ४ जुलै २०१९ च्या शासन निर्णयाप्रमाणे सोसायटीच्या पुनर्विकासाला किमान ५१ टक्के सभासदांची लेखी संमती लागते. ती गोळा झाली की नाही, हे इतिवृत्तात दिसतं. मग मोजपट्टी घेऊन समोरचा रस्ता मोजा. चेष्टा नाही, खरंच मोजा. किती बांधता येणार हे रस्त्याच्या रुंदीवर ठरतं आणि ९ मीटरच्या आतल्या गल्लीत पुनर्विकासाचं गणित अवघड होतं. कोथरूडच्या आतल्या कॉलन्यांत सहा मीटरचे रस्ते भरपूर आहेत.

आम्ही एक दुसऱ्या मजल्यावरचा सुरेख फ्लॅट जवळजवळ घेतलाच होता. हवेशीर, दारात बकुळ. वकिलांनी कागद बघितले तेव्हा कळलं की विकणाऱ्या गृहस्थांचं नाव भागपत्रावर आलं होतं ते वडिलांनी केलेल्या नामनिर्देशनामुळे, आणि दोन बहिणींचं हक्कसोडपत्र झालंच नव्हतं. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. तो इतर वारसांच्या वतीने विश्वस्त असतो. बहिणींचं काही म्हणणं नव्हतं म्हणे, पण एक न्यू जर्सीत होती आणि एक बोलत नव्हती. आम्ही बकुळीचा वास घेतला आणि परत आलो.

हे कोथरूडमध्ये वरचेवर भेटतं, कारण पहिली पिढी गेली आणि मुलं परदेशात. विकणारा अनिवासी भारतीय असेल तर कुलमुखत्यारपत्र नीट तपासून घ्या. करकपातही वेगळी होते. ५० लाख किंवा त्याहून जास्त किमतीच्या घरावर एरवी १ टक्का कापून सरकारकडे भरायचा असतो, अनिवासी विक्रेत्याला तो दर लागू नाही, त्याच्यासाठी बरीच जास्त कपात करावी लागते. कापायची जबाबदारी खरेदीदाराची, म्हणजे तुमची. इथे सीएची फी वाचवू नका.

बाकीचं डोळ्यांनी दिसतं. गच्चीवर पत्रे का टाकलेत (बहुधा गळतीमुळे), लिफ्ट आहे का, नसेल तर आईच्या गुडघ्यांना कितवा मजला झेपेल, पार्किंगमध्ये चारचाकी कुठे लावणार. जुन्या इमारती स्कूटरच्या काळातल्या आहेत. संध्याकाळी नऊ वाजता जाऊन बघा, गाड्या गल्लीत दुतर्फा उभ्या असतात. सोसायटीने हस्तांतरण शुल्क म्हणून लाखभर मागितले तर नम्रपणे सांगा की महापालिका क्षेत्रात त्याची कमाल मर्यादा २५ हजार रुपये आहे. 'ऐच्छिक देणगी' हा शब्द मग लगेच ऐकू येईल.

पायरी ५: वाकडमध्ये गेटबाहेर पडा

वाकडच्या प्रकल्पांत इमारतीची माहिती तुलनेने सहज मिळते. मे २०१७ पासून रेरा, म्हणजे बांधकाम प्रकल्पांवर नियंत्रण ठेवणारा कायदा, लागू आहे. महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्पाचा क्रमांक टाकला की मंजूर नकाशे, कायदेशीर अहवाल, विकले गेलेले फ्लॅट, ताबा द्यायची तारीख आणि ती किती वेळा पुढे गेली, हे सगळं दिसतं. शेवटची गोष्ट आधी बघा. मोठा प्रकल्प असेल तर पोहण्याचा तलाव आणि क्लब हाऊस कोणत्या टप्प्यात येणार तेही बघा. ते बहुतेक शेवटच्या टप्प्यात असतात आणि शेवटचा टप्पा कधी संपतो ते देवाला ठाऊक.

मग गेटबाहेर पडा. प्रकल्पाला जोडणारा रस्ता आज डांबरी आहे की माहितीपत्रकात? नकाशावर '२४ मीटर डीपी रस्ता', म्हणजे विकास आराखड्यातला रस्ता, असं झोकात लिहिलेलं असतं. प्रत्यक्षात मधल्या एका शेतकऱ्याची जमीन ताब्यात आलेली नसते आणि रस्ता भिंतीला जाऊन धडकतो. चालत शेवटपर्यंत जा. शेजारचा मोकळा भूखंड, जिथून आत्ता छान वारा येतोय, त्यावर उद्या काय येणार? महापालिकेच्या बांधकाम परवानगी विभागातून त्या सर्व्हे नंबरचा झोन दाखला काढता येतो. पिंपरी-चिंचवडच्या सुधारित विकास आराखड्याचं प्रारूप २०२५ मध्ये प्रसिद्ध झालं आणि त्यावर हरकतींचा पाऊस पडला. तेव्हा जुन्या आराखड्याचा दाखला देणाऱ्या एजंटवर विसंबू नका.

मुळा नदी वाकडच्या दक्षिणेने वाहते. 'रिव्हर व्ह्यू' असं नाव दिसलं की पूररेषा विचारा. निळी रेषा म्हणजे साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्याची. दोन्हींच्या संदर्भात तुमची इमारत आणि मुख्य म्हणजे तिचं तळघरातलं पार्किंग कुठे आहे, ते जलसंपदा विभागाच्या नकाशावर बघा. जुलै २०२४ मध्ये पुण्यात सिंहगड रस्त्याच्या एकतानगरीत पहाटे पाणी शिरलं, ते मुठेचं. नदी वेगळी, धडा तोच. सगळ्यात सोपा उपाय म्हणजे जवळच्या जुन्या किराणा दुकानदाराला विचारणं की त्या रात्री पाणी कुठवर आलं होतं. तो हाताने दाखवतो.

आणखी एक. वाकडच्या आजूबाजूला, थेरगाव, रहाटणी, काळेवाडीकडे, गुंठ्या-दोन गुंठ्यांवर उभ्या राहिलेल्या चार-पाच मजली इमारती दिसतील. किंमत पाहून मोह होतो. भोगवटा पत्र नसेल, बँक कर्ज देत नसेल आणि मालक "कॅशमध्ये थोडं ॲडजस्ट करू" म्हणत असेल, तर पाया पडून निघा. याच महापालिकेत अनधिकृत बांधकामांवरच्या शास्तीकराने, म्हणजे दंडाच्या कराने, लोकांना कित्येक वर्षं झोप लागू दिली नव्हती. तो पुढे माफ झाला, पण अनधिकृत ते अधिकृत झालं नाही.

परिसराचा स्वभावही बघा. वाकडला दुपारी सोसायट्या ओस असतात, रात्री नऊनंतर जागतात. शेजार तरुण, भारतभरातून आलेला, लिफ्टमध्ये हिंदी. पाळणाघरं चांगली मिळतात. कोथरूडला ती शोधावी लागतात, पण शेजारच्या काकू मुलाला दोन तास सांभाळतात. माझ्या बायकोला वाकडचं 'कोणी विचारत नाही' हे आवडायचं. माझ्या आईला तेच खायला उठायचं. दोघीही बरोबर होत्या.

पायरी ६: किंमत कागदावरून काढा

एजंटने सांगितलेला भाव हा भाव नसतो. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर नोंदवलेल्या व्यवहारांची सूची क्रमांक दोन, आपण जिला इंडेक्स टू म्हणतो, शोधता येते. वर्ष, गाव आणि सर्व्हे नंबर टाकला की त्याच इमारतीत कोणी किती क्षेत्रफळ किती रुपयांना घेतलं, ते दिसतं. आम्हाला एके ठिकाणी सांगितलेला भाव आणि चार महिन्यांपूर्वी तिथेच झालेला व्यवहार यांत नऊ लाखांचा फरक निघाला. कागद छापून नेला. पुढची बोलणी अवघ्या दहा मिनिटांत झाली.

तुलना करताना दोन्हीकडचं क्षेत्रफळ रेरा कार्पेटमध्येच, म्हणजे घरात प्रत्यक्ष वापरता येणाऱ्या जागेतच, मोजा. जुन्या कोथरूडमध्ये अजून 'बिल्ट-अप' आणि 'सेलेबल'ची भाषा चालते आणि हजार फुटांचा फ्लॅट टेप लावल्यावर सातशेचा भरतो. बाल्कनी रेरा कार्पेटमध्ये धरली जात नाही, हेही लक्षात ठेवा.

वरखर्च दोन्हीकडे जवळजवळ सारखा. ९० लाखांच्या घराचं उदाहरण घेऊ. मुद्रांक शुल्क स्थानिक आणि मेट्रो अधिभारासह ७ टक्के, म्हणजे ६ लाख ३० हजार. नोंदणी फी कमाल ३० हजार. घर फक्त बाईच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत, म्हणजे ९० हजार वाचले. नवरा-बायको दोघांच्या नावावर घेतलं तर ही सवलत नाही. बांधकाम चालू असलेल्या फ्लॅटवर ५ टक्के जीएसटी, साडेचार लाख. पूर्णत्वाचा दाखला मिळालेल्या किंवा जुन्या घरावर जीएसटी नाही. हा कोथरूडच्या पारड्यातला ठोस फायदा. बँक या किमतीला ८० टक्क्यांपर्यंत, म्हणजे ७२ लाख कर्ज देऊ शकते, आणि मुद्रांक शुल्क त्या हिशेबात धरत नाही. म्हणजे नवीन फ्लॅटसाठी १८ लाख, अधिक वरचे साधारण ११ लाख, असे २९ लाख हातात हवेत. साडेआठ टक्के दराने वीस वर्षांसाठी लाखामागे सुमारे ८६८ रुपये हप्ता, तेव्हा ७२ लाखांचा हप्ता साडेबासष्ट हजारांच्या घरात.

यात महिन्याचा देखभाल खर्च मिळवा. जिमखाना, तलाव, तीन लिफ्ट, सांडपाणी प्रक्रिया केंद्र असलेल्या वाकडच्या संकुलाचा आणि वॉचमनही नसलेल्या कोथरूडच्या बारा फ्लॅटच्या इमारतीचा खर्च एका पातळीवर नसतो. उलट जुन्या इमारतीत एखाद्या वर्षी गच्चीचं वॉटरप्रूफिंग निघतं आणि प्रत्येकाला एकदम मोठी रक्कम भरावी लागते. पुणे महापालिकेत स्वतः राहत असाल तर मिळकतकरात ४० टक्के सवलत असते. घर नावावर झाल्यावर पीटी-३ अर्ज भरायला विसरू नका. आधीच्या मालकाने भाडेकरू ठेवला असेल तर ती सवलत गेलेली असते आणि बिल बघून दचकायला होतं.

पायरी ७: टोकन देण्याआधी

जमत असेल तर ज्या भागात घ्यायचं, तिथे आधी एक उन्हाळा आणि एक पावसाळा भाड्याने राहा. अकरा महिन्यांच्या भाड्यात जे कळतं ते दहा चकरांत कळत नाही. आमचा निर्णय कोथरूडच्या त्या एका वर्षात झाला. बायकोने स्वतःच सांगितलं, तीन दिवस चांदणी चौकातून जाईन, चालेल. भुसारी कॉलनीजवळ घेतलं, एकोणीस वर्षं जुन्या इमारतीत, कन्व्हेयन्स झालेल्या. तिची मैत्रीण त्याच महिन्यात वाकडला महामार्गाच्या हिंजवडीकडच्या बाजूला स्थिरावली आणि तिचा कागद बघितला तर तिचंही चुकलेलं नाही. दोघंही हिंजवडीला, आई-वडील नागपूरला.

टोकन देताना रक्कम लहान ठेवा, बँकेतून द्या, आणि पावतीवर लिहून घ्या की कागदपत्रांत दोष निघाला किंवा कर्ज नामंजूर झालं तर ती पूर्ण परत मिळेल. नव्या प्रकल्पात करारनामा नोंदवल्याशिवाय बिल्डरला १० टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही. "ऑफर रविवारपर्यंतच आहे" असं म्हणून जास्त मागितले तर सोमवारी फोन करा. ऑफर तिथेच असते. वकिलाकडून तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट, म्हणजे मालकीच्या नोंदींचा शोध, स्वतः काढून घ्या, बिल्डरच्या वकिलाने काढलेला नको. आणि दुय्यम निबंधक कार्यालयात जायच्या आदल्या संध्याकाळी पुन्हा एकदा त्या घरी जाऊन स्वयंपाकघरातला नळ सोडा. आई आमच्याबरोबर आली होती. तिने नळ सोडला, ओंजळीत पाणी घेतलं, चव बघितली आणि म्हणाली, "देवघर इकडं पूर्वेला बसंल."